निळ्या डागाचे हजारो उल्लेख : एका वनस्पती-शास्त्रज्ञाची सायटेशन्स कशी वाचायची

वनस्पतींच्या जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध हाती आला, तर निष्कर्षांकडे धाव घेण्याआधी त्यातला ‘साहित्य आणि पद्धती’ हा रूक्ष भाग जरूर वाचावा. तिथे बरेचदा अशा धाटणीचं वाक्य सापडतं : ‘पानांचे तुकडे एक्स-ग्लुकच्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवले आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलने हरितद्रव्य धुऊन काढलं (जेफरसन आणि इतर, १९८७).’ कंसातल्या त्या नावावरून डोळे सहज पुढे सरकतात. पण शास्त्रज्ञांच्या जगात ज्याला सायटेशन म्हणतात, ते हेच. निबंध भातावर असो, तंबाखूवर असो की कापसावर, हा कंस जवळजवळ चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा छापला जातोय.

हे जेफरसन म्हणजे रिचर्ड जेफरसन, मूळचे कॅलिफोर्नियाचे रेणुजीवशास्त्रज्ञ. सायटेशन्स कशी मोजतात आणि त्या आकड्यावरून माणसाच्या कामाबद्दल नेमकं काय कळतं, हे समजून घ्यायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. त्यांच्या नावावर निबंधांचा ढीग नाही. जे आहेत त्यांतल्या दोघा निबंधांचे उल्लेख मात्र कित्येक हजारांत आहेत. आणि पुढे याच माणसाने निबंध, त्यांची सायटेशन्स आणि पेटंट्स शोधण्याची, सगळ्यांना खुली असलेली एक यंत्रणा उभी केली. आपल्याकडे प्राध्यापकाच्या नेमणुकीपासून विद्यापीठांच्या क्रमवारीपर्यंत हे आकडे सर्रास वापरले जातात. ज्यांचं आयुष्य त्या आकड्यांवर ठरतं त्यांनाही ते आकडे कशाचे आहेत हे कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी काम, मग आकडा

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतीत बाहेरचं जनुक घालता येऊ लागलं. मातीत राहणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या तुकड्यावर हवं ते जनुक चढवायचं, अशी ती युक्ती. खरा प्रश्न पुढचा होता. जनुक गेलं, पण ते कुठे चालू आहे? मुळात, पानात, की फक्त परागकणात? जनुक कुठे आणि कधी चालू व्हायचं हे त्याच्या पुढ्यातला डीएनएचा एक भाग ठरवतो, त्याला प्रमोटर म्हणतात. भिंतीतल्या वायरीत वीज आहे का हे नुसतं बघून कळत नाही म्हणून आपण टेस्टर लावतो. तसंच प्रमोटरला असं एखादं जनुक जोडायचं की ते चालू झालं की डोळ्यांना दिसेल. अशा जनुकाला रिपोर्टर जनुक म्हणतात.

तेव्हा उपलब्ध असलेले रिपोर्टर गैरसोयीचे होते. एकाला किरणोत्सारी पदार्थ लागायचा. दुसरा, जीवाणूंमध्ये फार लोकप्रिय असलेला, झाडात उपयोगाचा नव्हता, कारण त्या प्रकारचं एन्झाइम झाडात मुळातच असतं. मग रंग आला तरी तो आपण घातलेल्या जनुकाचा की झाडाचा, हे कसं सांगणार? काजव्याचं जनुक घातलेली चमकणारी तंबाखू १९८६ साली गाजली खरी, पण ती चमक टिपायला खास साधनं लागत.

जेफरसन तेव्हा झाडांवर काम करतच नव्हते. कोलोरॅडो विद्यापीठात डेव्हिड हर्श यांच्या प्रयोगशाळेत ते सी. एलेगन्स या इवल्याशा जंतावर पीएचडी करत होते. त्यांनी रिपोर्टर म्हणून निवडलं ते आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूचं एक जनुक. त्यामागची गोष्ट सुंदर आहे. आपलं यकृत नको असलेल्या पदार्थांना, औषधांच्या उरलेल्या अंशांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून देतं, म्हणजे ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर पडतात. आतड्यातला जीवाणू ती जोडणी तोडतो आणि सुटलेलं आम्ल खाऊन टाकतो. हे तोडण्याचं काम बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे एन्झाइम करतं. त्याचंच लघुरूप जीयूएस, आणि प्रयोगशाळेच्या बोलीत नुसतं ‘गस’. बहुतेक वनस्पतींच्या पाना-खोडात ही क्रिया जवळजवळ नसतेच. म्हणजे रंग दिसला तर तो आपल्याच जनुकाचा.

हे जनुक रिपोर्टर म्हणून चालतं हे सांगणारा पहिला निबंध १९८६ साली आला. त्यानंतर जेफरसन इंग्लंडात केंब्रिजच्या प्लँट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल बेव्हन यांच्याकडे गेले आणि तिथे, बेव्हन व टोनी कॅव्हना यांच्यासोबत, १९८७ साली ‘एम्बो जर्नल’मध्ये तो निबंध छापला ज्याचा कंस आपण वर पाहिला. कॉलीफ्लॉवरच्या एका विषाणूचा प्रमोटर आणि प्रकाशसंश्लेषणातल्या एका एन्झाइमचा प्रमोटर, दोघांनाही त्यांनी गस जोडलं आणि तंबाखूच्या खोडाच्या पातळ कापात निळा रंग कुठे-कुठे उमटतो ते दाखवलं. (त्याच वर्षी सरकारने ती संस्था खासगी मालकांना विकली. इतक्या मोलाचं मूलभूत काम चालू असलेली सरकारी संस्था विक्रीला निघावी याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.)

रंग येतो कसा, हे जवळून बघण्यासारखं आहे. एक्स-ग्लुक हा रंगहीन पदार्थ. एन्झाइम त्यातला ग्लुक्युरॉनिक आम्लाचा भाग तोडतं. उरलेले रेणू ऑक्सिजनच्या साहाय्याने दोन-दोन करून एकमेकांना जोडले जातात आणि निळीच्या जातकुळीतला गडद निळा रंग तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून तो जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ‘ही पेशी निळी, ही नाही’ असं बोट ठेवून दाखवता येतं. हरितद्रव्य आड येऊ नये म्हणून पान अल्कोहोलमध्ये धुतात. पान पांढुरकं पडतं, निळा तेवढा उरतो. किती जनुक चालू आहे हे मोजायचं असेल तर दुसरा एक पदार्थ घालतात, तो एन्झाइमने तोडला की चमकतो आणि ती चमक यंत्राने मोजता येते. कुठे आणि किती, या दोन्ही प्रश्नांना एकाच जनुकात उत्तर मिळालं, तेही किरणोत्सर्गाशिवाय आणि भारी यंत्रांशिवाय. साध्या बजेटच्या प्रयोगशाळेलाही हे परवडणारं होतं.

उणिवाही होत्या. हा रंग बघायचा तर ऊती मारावी लागते. शिवाय जनुक वाहून नेणाऱ्या ॲग्रोबॅक्टेरियममध्येच गस चालू झालं तर झाडात न गेलेलं जनुकही गेल्यासारखं दिसतं. पुढे यावर तोड निघाली : जनुकाच्या मध्ये इंट्रॉन नावाचा असा एक तुकडा घालायचा की झाडाची पेशी तो कापून काढते, पण जीवाणूला ते जमत नाही. मग निळा रंग आला म्हणजे तो झाडाचाच.

छापण्याआधी वाटून टाकलं

चांगलं साधन होतं म्हणून सायटेशन्स मिळाली, एवढं म्हणून हा विषय संपत नाही. चांगली साधनं कपाटात पडून राहिल्याची उदाहरणं विज्ञानात खूप आहेत. निबंध छापून येईपर्यंत हातचं राखून ठेवायचं, छापल्यानंतर कुणी मागितलंच तर सवडीने पाठवायचं, ही तेव्हाची रीत होती आणि आजही ती पुरती गेलेली नाही. जेफरसन यांनी उलट केलं. निबंध येण्याआधीच तयार डीएनए आणि वापराची सविस्तर पुस्तिका असा संच त्यांनी जगभरातल्या शेकडो प्रयोगशाळांना पाठवला. कोणतं द्रावण किती, आम्लता किती, रंग आला नाही तर काय तपासायचं, असं सगळं त्या पुस्तिकेत होतं.

ती पुस्तिका १९८७ सालीच ‘प्लँट मॉलिक्युलर बायॉलॉजी रिपोर्टर’ या एका छोट्या नियतकालिकात छापली गेली. तिच्यावर जेफरसन यांचं एकट्याचं नाव आहे. नवा शोध म्हणावा असं तिच्यात फारसं नाही. ती कृती आहे, पदार्थांच्या प्रमाणासकट. आणि तरीही तिची सायटेशन्स कित्येक हजारांत गेली. मोठ्या नावाच्या जर्नलमध्ये छापलं तरच काम पोचतं असं मानणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शकाने ही एक नोंद लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. लोकांनी ती पुस्तिका उद्धृत केली कारण ती त्यांच्या टेबलावर उघडी होती.

याच काळात, १९८७ च्या जूनमध्ये, जेफरसन आणि सहकाऱ्यांनी गस जनुक घातलेले बटाटे केंब्रिजला उघड्या शेतात लावले. जनुक बदललेल्या अन्नपिकाच्या जगातल्या अगदी पहिल्या शेतचाचण्यांपैकी ही एक. तिचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत येतो, सायटेशनच्या आकड्यात मात्र फारसा नाही.

मोजतं कोण आणि कसं

सायटेशन्सची पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती युजीन गारफील्ड यांच्यामुळे. कोणता जुना खटला पुढे कुठल्या निकालांत आधाराला घेतला हे सांगणारी सूची अमेरिकन वकील एकोणिसाव्या शतकापासून वापरत होते. तीच कल्पना गारफील्डनी १९५५ साली विज्ञानासाठी सुचवली आणि १९६४ पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागली. मूळ हेतू माणसांना गुण देण्याचा नव्हता. एखाद्या निबंधाचा धागा धरून त्याच्यापुढे काय-काय झालं हे शोधता यावं, एवढाच होता. आजचं ‘वेब ऑफ सायन्स’ हे त्याच झाडाचं. २००४ साली ‘स्कोपस’ आणि ‘गूगल स्कॉलर’ आले.

या तिघांत एकाच निबंधाच्या सायटेशन्सचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात आणि त्यात फसवणूक काही नाही. पहिले दोघे निवडक जर्नल्सच मोजतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांची टिपणं, विद्यापीठांच्या संकेतस्थळावरच्या फाइली असं बरंच काही मोजतं, म्हणून त्याचा आकडा जवळपास नेहमी फुगलेला असतो. आकडा सांगताना तो कुठून घेतला आणि कधी घेतला हे न सांगणं म्हणजे अर्धीच माहिती देणं.

मोजणीत गल्लतही सहज होते. ‘जेफरसन आणि इतर, १९८७’ म्हणजे तिघांचा निबंध. ‘जेफरसन, १९८७’ म्हणजे पुस्तिका. मजकुरात एक आणि शेवटच्या यादीत दुसरं, असं घडायला कितीसा वेळ लागतो? मिखाइल सिमकिन आणि व्ह्वानी रॉयचौधरी या कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी २००३ च्या सुमारास एक गमतीशीर पण गंभीर गोष्ट केली : संदर्भयादीतल्या छपाईच्या चुका तपासल्या. पान क्रमांकातली तीच चूक अनेक निबंधांत जशीच्या तशी सापडली. म्हणजे मूळ निबंध न उघडता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलला. उद्धृत करणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याइतकेच लोक मूळ निबंध वाचतात, असा त्यांचा अंदाज होता. पद्धतीच्या निबंधांना हे जास्तच लागू पडत असणार, कारण कृती तर मागच्या विद्यार्थ्याच्या वहीतून आलेली असते.

मग येतो एच-इंडेक्स. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली सुचवला. हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या बाईंचे पाच निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन्स १०, ८, ५, ४ आणि ३ अशी आहेत. किमान चार सायटेशन्स असलेले त्यांचे चार निबंध आहेत, पण किमान पाच सायटेशन्स असलेले पाच निबंध नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ४. आता दुसरा माणूस घ्या, त्याचे दोनच निबंध आणि प्रत्येकाला आठ हजार सायटेशन्स. त्याचा एच-इंडेक्स २. हा आकडा सातत्य मोजतो, उंची मोजत नाही. ज्याचं सगळं काम दोन-तीन निबंधांत एकवटलंय, अशा माणसाला तो न्याय देऊ शकत नाही, आणि जेफरसन यांच्या कामाचा आकार नेमका तसाच आहे. उलट मोठ्या गटाचा प्रमुख, ज्याचं नाव गटातल्या प्रत्येक निबंधावर शेवटी लागतं, त्याचा एच-इंडेक्स वय वाढेल तसा आपोआप वाढत जातो. शिवाय तो कधी कमी होत नाही, निवृत्तीनंतरही.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल तर गैरसमज फारच पसरलेला आहे. तो जर्नलचा असतो, निबंधाचा किंवा माणसाचा नाही. एखाद्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर काढताना, जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना त्या वर्षी मिळालेली सायटेशन्स घेतात आणि त्या निबंधांच्या संख्येने भागतात. आता हेच गसच्या निबंधाला लावून बघा. तो १९८७ चा. म्हणजे ‘एम्बो जर्नल’च्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्याची फक्त १९८८ आणि १९८९ सालची सायटेशन्स धरली गेली. १९९० पासून आजवर मिळालेली सगळी, म्हणजे जवळजवळ सगळीच, त्या मोजणीच्या बाहेर राहिली. जे साधन चाळीस वर्षं टिकलं त्याची किंमत दोन वर्षांच्या खिडकीतून दिसणार नाही, हे सांगायला सांख्यिकीतज्ज्ञ लागत नाही.

श्रेयाचा वाटा हाही प्रश्न आहेच. सायटेशन्सची विभागणी होत नाही. तिघा लेखकांचा निबंध असेल तर प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण आकडा जमा होतो. बेव्हन यांनी १९८४ साली ‘बिन १९’ हा वनस्पतींसाठीचा वेक्टर, म्हणजे जनुक वाहून नेणारा वर्तुळाकार डीएनए, तयार करून त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. गसचे सुरुवातीचे लोकप्रिय वेक्टर त्याच्यावरच बांधलेले आहेत. गस वापरणारा कधी बेव्हनचा १९८४ चा निबंध उद्धृत करतो, कधी करत नाही. एकावर एक रचलेल्या कामात खालच्या थराचं नाव वगळलं जातं, हे इथे स्वच्छ दिसतं.

जे मोजलंच जात नाही

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९९० च्या दशकात जेफरसन यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराला कॅम्बिया ही ना-नफा संस्था काढली. तिथे तयार झालेले ‘पीकॅम्बिया’ वेक्टर जगभर पसरले. भारतात भातावर जनुकांचं काम केलेल्या कुणालाही विचारा, पीकॅम्बिया १३०१ हे नाव त्यांच्या ओठांवर असेल. त्याच्यावर गस आहे, त्यात एरंडाच्या जनुकातून घेतलेला इंट्रॉन आहे (जीवाणूचा खोटा रंग टाळायची वर सांगितलेली युक्ती), आणि जनुक मिळालेल्या पेशी निवडण्यासाठी हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक आहे. एखाद्या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध या एका वर्तुळावर उभा असतो.

आणि निबंधात त्याचा उल्लेख कसा येतो? ‘पीकॅम्बिया १३०१ (कॅम्बिया, कॅनबेरा, ऑस्ट्रेलिया)’. रसायनाच्या बाटलीवरच्या कंपनीचं नाव लिहावं तसा. हा संदर्भयादीत जात नाही, म्हणून कुठल्याही मोजणीत येत नाही. या वेक्टरांचा सांगाडा ज्या पीपीझेडपी मालिकेवरून घेतला, तिचा १९९४ चा निबंध काही लोक उद्धृत करतात, तेवढंच. एका शास्त्रज्ञाच्या हातून घडलेल्या कदाचित सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या वस्तूचा त्याच्या सायटेशनच्या आकड्यात जेमतेम मागमूस आहे.

आपल्या जवळचं उदाहरण बघायचं तर जळगावच्या केळीचं घ्या. जी-नाईन या वाणाची टिश्यू कल्चरची रोपं जिथे तयार होतात, तिथे काचेच्या बाटलीतल्या अर्धघट्ट माध्यमाला सगळे ‘एमएस’ म्हणतात. एम म्हणजे मुराशिगे, एस म्हणजे स्कूग. तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग यांनी अमेरिकेत तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेलं हे क्षारांचं प्रमाण १९६२ साली छापलं आणि तो निबंध वनस्पतिशास्त्रातल्या सगळ्यात जास्त उद्धृत झालेल्या निबंधांपैकी एक झाला. पण रोपं बनवणारी कंपनी निबंध लिहीत नाही, रोपं विकते. शेतकरी तर काहीच लिहीत नाही. त्या निबंधाचा खरा वापर जेवढा आहे, त्यातला कागदावर उतरतो तो एक छोटासा भाग. शिवाय आता संशोधकही नुसतं ‘एमएस माध्यम’ लिहून पुढे जातात. एखादं काम इतकं अंगवळणी पडतं की त्याच्या कर्त्याचं नाव लिहायची गरजच वाटत नाही, याकडे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी लक्ष वेधलं होतं. अशा वेळी सायटेशन्स कमी होतात ती काम जिंकलं म्हणून.

याच्या उलट टोकाला बार्बरा मॅक्लिन्टॉक आहेत. मक्याच्या गुणसूत्रांवर जागा बदलणारी जनुकं असतात हे त्यांनी १९५० च्या सुमारास मांडलं. समकालीनांना ते पचलं नाही. १९५३ नंतर त्यांनी जर्नलमध्ये त्यावर फारसं लिहायचंच सोडलं आणि तपशील आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालांत नोंदवत राहिल्या. पुढे जीवाणूंतही तशी जनुकं सापडली, लोक मागे वळून त्यांचे निबंध शोधू लागले आणि १९८३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं मूल्यमापन १९६० साली कुणी सायटेशन्सवर केलं असतं तर? मक्याचं शेत त्यांच्या हातून गेलं असतं.

जेफरसन यांच्याच यादीतला एक निबंध या सगळ्यावर आणखी प्रकाश टाकतो. ॲग्रोबॅक्टेरियमच्या वापरावर कंपन्यांच्या पेटंटांचं जाळं होतं. ते टाळता यावं म्हणून कॅम्बियाच्या गटाने २००५ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी करणारे ऱ्हायझोबियमसारखे जीवाणूही, योग्य डीएनए दिला तर, झाडात जनुक सोडू शकतात. तंबाखू, भात आणि अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळांत नेहमी वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) यांवर ते सिद्ध केलं. अर्थात गसच्या निळ्या रंगानेच. विचार म्हणून हे काम धाडसी होतं आणि जर्नलही मोठ्यातलं मोठं होतं. तरी गसच्या छोट्या पुस्तिकेच्या तुलनेत त्याची सायटेशन्स थोडीच. कारण सरळ आहे. विद्यापीठातल्या संशोधकाला पेटंटची झळ क्वचितच बसते. ॲग्रोबॅक्टेरियम फ्रीजरमध्ये तयार असताना तो नवा जीवाणू कशाला वाढवेल? सायटेशन गरजेच्या मागे जातं. ज्यांना या कामाची गरज होती ते निबंध लिहिणाऱ्यांतले नव्हते.

आपल्याकडे

नावांचा घोळ हा मराठी संशोधकांना खास भोवणारा प्रश्न. ‘एस. पाटील’ किंवा ‘एस. कुलकर्णी’ असं शोधून बघा. कृषी, औषधनिर्माण, अभियांत्रिकी, सगळ्या शाखांचे निबंध एकाच यादीत येतात. कधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लागतं, कधी नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचं निम्मं काम दुसऱ्याच नावाखाली पडून असतं. २०१२ पासून सुरू झालेला ऑर्किड क्रमांक यासाठीच आहे : सोळा आकडी, विनामूल्य, आयुष्यभर एकच. ज्या विद्यार्थ्याचा पहिला निबंध अजून यायचाय त्याने तो आजच घ्यावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांसाठी गुणांकन आणलं, निबंधांना गुण लागले आणि गुणांसाठी निबंध छापणारी जर्नल्स गल्लोगल्ली उगवली. राष्ट्रीय क्रमवारीतही सायटेशन्सना वजन आहे. आकडे वापरूच नयेत असं मी म्हणणार नाही. दूरच्या जिल्ह्यातल्या, ओळखीपाळखी नसलेल्या संशोधकाला कधीकधी हाच आकडा तारतो, कारण तो आडनाव बघत नाही. पण फक्त आकडा बघणाऱ्या समितीने आपलं काम केलेलंच नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जीवशास्त्रज्ञ आणि संपादक जमले आणि त्यांनी ‘डोरा’ हा जाहीरनामा मांडला. माणसाची पारख जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर करू नका, काम वाचा, हा त्याचा गाभा. जगभरातल्या हजारो संस्थांनी त्यावर सही केली आहे, भारतातल्याही काहींनी.

काम वाचायचं म्हणजे काय? एखाद्या वनस्पती-रेणुजीवशास्त्रज्ञाची यादी समोर आली तर मी सगळ्यात वरच्या तीन निबंधांची सायटेशन्स उघडून बघेन आणि प्रत्येकाचा उल्लेख निबंधाच्या कुठल्या भागात येतो ते पाहीन. पद्धतीच्या भागात येत असेल तर लोक ते साधन हातात घेतायत. प्रस्तावनेत आठ नावांच्या माळेत येत असेल तर ते नमस्कारापुरतं आहे. निष्कर्षांच्या चर्चेत ‘अमुक यांनी सांगितलं तसं आम्हाला आढळलं नाही’ असं येत असेल तर तेही सायटेशनच आहे, आणि बरेचदा ते सगळ्यात मोलाचं असतं, कारण कुणीतरी ते काम मनापासून तपासलेलं असतं. मग बघायचं, उल्लेख करणारे कोण : त्याच गटातले, त्याच देशातले, की ज्यांच्याशी काही संबंध नाही असे. किती वर्षांनी उल्लेख येतायत हेही बघायचं. आणि तुलना करायची ती त्याच विषयातल्या, त्याच वयाच्या निबंधांशी. ज्वारीच्या जनुकांवरच्या निबंधाची कर्करोगावरच्या निबंधाशी तुलना म्हणजे अन्याय आहे. तिकडे लिहिणारेच कितीतरी पटींनी जास्त आहेत.

जेफरसन यांनी पुढे उभी केलेली यंत्रणा म्हणजे ‘द लेन्स’. तिची सुरुवात पेटंट शोधण्याच्या साधनापासून झाली आणि आज तिच्यात निबंध आणि पेटंट शेजारी-शेजारी दिसतात. निबंधाचं पान उघडलं की त्याला किती निबंधांनी उद्धृत केलंय याच्यासोबतच किती पेटंटांनी उद्धृत केलंय हेही कळतं. विद्यापीठातलं कुठलं संशोधन उद्योगांपर्यंत पोचतं हे या दुसऱ्या आकड्यावरून मोजण्याची पद्धत २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त मांडली गेली, तिच्या लेखकांत जेफरसनही आहेत.

हा दुसरा आकडा वेगळ्या तऱ्हेने वाचावा लागतो. पेटंटातला संदर्भ अर्ज करणारा देतो किंवा अर्ज तपासणारा अधिकारी जोडतो. अधिकाऱ्याने जोडलेला असेल तर त्याचा अर्थ बरेचदा असा : तुम्ही नवं म्हणून सांगताय त्यातलं इतकं आधीच जाहीर झालेलं आहे, तेवढ्यावर तुमचा हक्क नाही. म्हणजे उघडपणे छापलेला निबंध तिथे कुंपणाचं काम करतो. लेन्सवर हा शोध विनामूल्य आहे. मराठवाडा, राहुरी, अकोला किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या जुन्या निबंधाचं शीर्षक तिथे टाकलं, तर त्याचा दाखला कुठल्या देशातल्या कुठल्या पेटंटात दिला गेला आहे का, हे दोन मिनिटांत बघता येतं.